नानांचा सहावा गठ्ठा

प्रल्हादनाना कुणाला पेन द्यायचे, तेव्हा टोपण काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे. मागणारा साहेब असो की शिपाई. "टोपण नसलं की पेन कुणाच्या खिशात मुक्काम करत नाही, सुनंदाबाई," असं त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी जळगावच्या त्या ऑफिसात नवीन होते. मला ते पटलं. अजूनही पटतं. माझ्याही फ्रिजच्या दारावर किराणा, औषधं, विम्याचे हप्ते, कुणाला काय दिलं आणि कुणाकडून काय यायचं, अशा याद्या लावलेल्या असतात. त्यामुळे आमचं जमलं. बाकी कुणाचं त्यांच्याशी फारसं जमलं नाही, आणि त्यात त्यांची सख्खी बहीणही आली.

नाना रेकॉर्ड रूमला होते. लांब चेहरा, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, बोटांना कायम दप्तराच्या लाल फडक्याचा रंग लागलेला. त्यांच्याकडे मागितलेली फाइल मिळाली नाही असं कधी झालं नाही. फक्त ती बाहेर नेता येत नसे. "इथं बसा, वाचा, ठेवा," म्हणायचे. झेरॉक्सला तर त्यांचा जाहीर विरोध. त्यांचं आवडतं वाक्य होतं, "एका कागदाच्या दोन प्रती झाल्या, की खरी कोणती यावर भांडण सुरू." कुणी नवा माणूस हसला तर ते हसू संपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे.

सरकारी नोकरीत असणाऱ्यांना सहा गठ्ठे पद्धत सांगायला नको. इतरांसाठी सांगते. टेबलावरचे सगळे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे: चालू कामाचे, कुणाच्या उत्तराची वाट पाहणारे, ठरावीक मुदतीने पाठवायचे, कायमचे आदेश, रेकॉर्डला टाकायचे, आणि सहावा गठ्ठा नाश करायच्या कागदांचा. बहुतेक लोक पहिल्या पाचांत अडकतात. नानांचा जीव सहाव्यात होता. दुबार प्रती, तीच ती स्मरणपत्रं, एकाच मजकुराची जोडपत्रं शोधून काढायची आणि बारीक फाडून टाकायची. "नाश केलेला कागद पुन्हा वाचता आला, तर तो नाश कसला?" तपासणीला आलेले साहेब त्यांची रेकॉर्ड रूम इतरांना दाखवायला घेऊन जात. नानांच्या आयुष्यात कौतुक म्हणून जे काही झालं ते त्या खोलीत झालं.

निवृत्तीनंतर ते मेहरूणला, आमच्याच गल्लीत राहायला आले. मुलगा पुण्याला. त्यानं एक चांगला फोन दिला आणि त्यात गाण्यांच्या ॲपचं वर्गणी भरलेलं खातं. "पप्पा, जगातली सगळी गाणी आहेत यात." नानांना गाण्यांची आवड आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ऑफिसात ते कधी गुणगुणलेही नव्हते. आता सकाळी तलावाच्या कडेनं फिरताना कानात वायर घालून चालायचे. ॲपमध्येही त्यांनी गाण्यांचे गठ्ठे केले होते: पहाटेची, दुपारची, भजनं, बँडवर वाजणारी, आणि खानदेशी. धुळ्याच्या एका जुन्या कॅसेटवाल्यानं काढलेली अहिराणी लग्नगीतं त्यांना त्यात सापडली, त्या दिवशी ते मला सांगायला गेटपर्यंत आले होते. मी त्यांना एवढं खूश पहिल्यांदा पाहिलं.

एका सकाळी त्यातला अर्धा गठ्ठा करडा पडला. नावं दिसत होती, पण दाबलं तरी वाजत नव्हती. नाना फोन घेऊन आमच्या ओट्यावर आले आणि तिथूनच त्यांनी मुलाला स्पीकरवर लावलं.

"पप्पा, त्यांचा आणि कॅसेटवाल्याचा करार संपला असेल."

"आणि माझा करार कुणाशी होता?"

"तुमचा करार नसतो हो पप्पा. तुम्ही फक्त ऐकायचे पैसे भरता."

"म्हणजे भाडेकरू."

"असंच समजा."

"मग आधी सांगायचं ना. मी गठ्ठे लावत बसलो." त्यांनी फोन बंद केला आणि मला म्हणाले, "वर्गणी थांबवायचं बटण कुठं असतं ते दाखवा."

मी दाखवलं. बटण फार आत असतं, तीन वेळा नक्की का नक्की का विचारतात. नानांनी तिन्ही वेळा होय दाबलं.

वर्गणी बंद झाली तरी ॲप फोनमध्ये फुकटात चालत राहिलं होतं. त्याचा तमाशा श्रावणात झाला. आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. भाऊबंद एकत्र येतात, घरातल्या पुरुषमाणसांच्या नावानं गहू मोजून घेतात आणि त्याचे रोट करतात. ते रोट भाऊबंदकीनंच खायचे. सासरी गेलेल्या मुलींना त्यात वाटा नसतो. मुली येतात, फुगड्या खेळतात, गाणी म्हणतात, आणि रोट वाढायची वेळ झाली की बाजूला होतात. पूर्वी कानबाईपुढे बायका स्वतः गायच्या. आता त्या वयाच्या बायका थोड्या राहिल्या, म्हणून नानांनी आपल्या घरच्या कानबाईपुढे फोन स्पीकरला जोडला होता. आरती ऐन रंगात आली आणि मध्येच एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "तुम्हाला हवंय झटपट कर्ज?"

सगळं घर हसलं. एक भाऊबंद म्हणाला, "नाना, आते कानबाई लोन बी देस का?"

नानांनी स्पीकरची वायर उपटली. हसण्यावारी न्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी मला आरतीच्या ताटाशेजारी उभं राहून सांगितलं, "आता जे गाणं माझ्या कपाटात आहे तेच माझं."

पुढची काही वर्षं ते कपाट भरत होतं. नाना अमळनेरला गेले, रावेरला गेले, धुळ्याला तर नेहमीच. बंद पडलेल्या कॅसेटच्या दुकानांतून, बँडवाल्यांच्या घरून, मंडपवाल्यांच्या गोदामातून ते कॅसेटी आणि सीड्या आणत. एक जुना टेप दुरुस्त करून घेतला, तो वायरनं कॉम्प्युटरला जोडला. कॅसेट लावण्याआधी टेपचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवायची, मग भरायला घ्यायची. हे सगळं ते टेबलावर कापड अंथरून, ऑफिसातल्यासारखं करत. मीही कधी सुट्टीच्या दिवशी तिथं बसून नावं टाइप करून दिली आहेत. व्यवस्था खरोखर उत्तम होती. कोणतंही गाणं सांगा, क्षणात समोर.

आणि कोणतंही गाणं मागा, मिळणार नाही.

"ऐकायला या. चहा देतो. प्रत मिळणार नाही," हे उत्तर त्यांनी सगळ्यांना दिलं. गल्लीतल्या एकानं मुलीच्या हळदीसाठी दोन गाणी मागितली, त्यालाही हेच. शोभाअक्काचा मुलगा सचिन तर एकदा धुळ्याहून पेनड्राइव्ह घेऊनच आला होता. शोभाअक्का म्हणजे नानांची धाकटी बहीण, धुळ्याला देवपुरात दिलेली. सचिनला एकच कॅसेट हवी होती. नानांनी पहिला टेपरेकॉर्डर घेतला तेव्हा एका कानबाईला त्यांच्या आईचं गाणं त्यावर भरून घेतलं होतं, तीच. म्हातारी गाण्यात पुढे असायची. बाकीच्या बायका तिच्या मागून तीच ओळ ओढायच्या. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तिचा आवाज असलेली जगात तेवढी एकच कॅसेट होती.

"मामा, आईला फक्त आजीचा आवाज ऐकायचाय. फार आठवण काढते आजकाल."

"तिला घेऊन ये. इथं ऐकवतो."

"गुडघे दुखतात तिचे, बसमध्ये चढवत नाही. एक कॉपी करायला किती वेळ लागतो?"

"वेळेचा प्रश्न नाही. एकदा बाहेर गेलं की कुणाच्या मोबाइलात जाईल, कोण कशावर लावेल, काही धरबंद राहत नाही. शिवाय काम चालू आहे अजून. साफसफाई व्हायचीय."

सचिननं पेनड्राइव्ह खिशात घातला. जाताना दारात म्हणाला, "मामा, त्या ॲपवाल्यात आणि तुमच्यात फरक काय राहिला? ते निदान फोनवर तरी ऐकवायचे."

नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "पेनड्राइव्हलासुद्धा टोपण असतं बघा." ते हा विनोद म्हणून म्हणाले की नाही, ते मला कळलं नाही.

पुढच्या श्रावणात अक्का स्वतः आली. सचिननं गाडी करून आणलं होतं. ठेंगणी, हसरी बाई. चष्मा नाकावर, हातात काठी. तिनं पायरी चढता चढताच सगळ्या गल्लीला सांगून टाकलं, "मनी माय गानं म्हनाव शे आज, तिले आयकाले उनी मी." नाना सगळ्यांशी शुद्ध बोलत, बहिणीशीही. ती खानदेशीत विचारायची आणि ते टिपणी लिहिल्यासारखं उत्तर द्यायचे. लहानपणापासून असंच चालत आलं असेल, कारण दोघांनाही त्याचं काही वाटत नसे.

दुपारी कानबाईची पूजा झाली. मीही ओटी भरायला गेले होते. रोट अजून वाढायचे होते. नानांनी अक्काला खुर्ची दिली, स्पीकर तिच्या बाजूला वळवला, आणि स्वतः कॉम्प्युटरपाशी उभे राहिले. मला आठवतं, त्यांनी त्या दिवशी नवा शर्ट घातला होता. बहिणीला ते किती मोठी गोष्ट देत आहेत याची त्यांना पुरती जाणीव होती.

आवाज आला. स्वच्छ. ना खरखर, ना भांड्यांचे आवाज, ना पोरांची रडारड. एक म्हातारा, थोडा कापरा, पण भरदार आवाज:

दिवा लावा दारमा, परल्हादले बलाव माय...

अक्कानं डोळे मिटले. चेहरा सगळा सैल झाला. ओठ हलत होते. मागून ओढणाऱ्या बायकांमध्ये ती स्वतः होती, तरुण. कडवं संपलं. अक्कानं मान थोडी पुढे केली, जसं कुणी आपली पाळी आल्यावर करतं.

दुसरंच गाणं सुरू झालं.

अक्का थांबली. तेही गाणं संपलं, तिसरं लागलं. तिनं डोळे उघडले.

"नाना, मनं नाव कोठे शे?"

"कसलं नाव?"

"माय बठ्ठास्नं नाव लेये. तुनं लेये, मंग मनं लेये, मंग पोरेस्नं. दारमा बलाये ती एकेकले."

"हां, ते," नाना म्हणाले. त्यांचा आवाज अजून ऑफिसातलाच होता. "ते कडवं फार वेळा होतं गं. चाल तीच, शब्द तेच. नुसतं नाव बदलायचं. मी पहिलं ठेवलं. बाकीची दुबार होती."

"काढी टाकात?"

"साफ केलं सगळं. आता किती सुटसुटीत झालंय बघ."

"आनि कॅसेट?"

मला उत्तर माहीत होतं. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. कॉम्प्युटरवर भरून, तपासून झालेली कॅसेट ते ठेवत नसत. फीत बाहेर ओढायची, कात्रीनं तुकडे करायचे. नाश केलेला कागद पुन्हा वाचता येता कामा नये.

"नाश केली," ते शेवटी म्हणाले.

स्पीकरवर गाणं चालूच होतं, ते कुणालाच बंद करायचं सुचलं नाही. अक्का ओरडली नाही. रडलीही नाही. ती कानबाईकडे बघून बोलत होती, पण घरात सगळ्यांना ऐकू जात होतं.

"रोटमा मना वाटा नही. तो रिवाज शे. मी कधी काही बोलनी का? पन माय मनं नाव लेये. लगीन व्हयनं तरी लेये. या घरमा मना तेवढाच वाटा व्हता. तो बी तू काढी टाका." मग भावाकडे वळली. "तुनं तेवढं ठेवं."

"शोभा, पहिलं होतं म्हणून ठेवलं. माझं होतं म्हणून नाही."

"पहिलं तुनंच ऱ्हाई ना, नाना. दुसरं कोनं ऱ्हाई?"

तेवढ्यात आतून कुणीतरी रोटाची परात घेऊन आलं आणि सवयीनं म्हणालं, "चला, माहेरवाशिणी बाजूला व्हा." अक्का काठी टेकत उठली, बाजूला झाली, आणि तशीच चपला घालून गाडीत जाऊन बसली.

नानांच्या बाजूनं एक गोष्ट लिहायला हवी. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी त्यांची पाठ थोपटली गेली तीच त्यांनी घरी येऊन आईवर केली. हे मी अक्कालाही एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मुद्दाम करतं तं भांडता तरी येतं."

त्या श्रावणानंतर नाना धावपळ करू लागले. बाजारातल्या एका कॉम्प्युटरवाल्याकडे पुसलेलं परत आणायला डिस्क दिली. त्यावर नंतर इतकी गाणी भरली गेली होती की काही हाती लागलं नाही. मग आईची तीच कॅसेट आणखी कुणाकडे भरलेली सापडते का, म्हणून गावाकडच्या घराघरांतून विचारून आले. कुणाकडेच नव्हती. टेपच्या काळातही त्यांनी ती कुणाला भरू दिली नव्हती. सचिनला तेव्हा प्रत दिली असती, तर सगळी नावं वाचली असती; त्या वेळी फीत अजून शाबूत होती. हे मला त्यांनीच सांगितलं, तारीख तपासून, एखादा नस्तीतला दोष दाखवावा तसं.

मग त्यांनी स्वतः गायलं. चाल तीच, शब्द तेच. आईच्या कडव्यामागे स्वतःच्या आवाजात बहिणीचं कडवं भरलं आणि फोन घेऊन धुळ्याला गेले. अक्कानं पूर्ण ऐकलं. फोन परत दिला. "हाई तुना आवाज शे," म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. चहा दिला, बिस्किटं दिली.

आता नानांना प्रती वाटायचं वेड लागलं. लग्नाला गेले की खिशात पेनड्राइव्हांचा जुडगा. मागायच्या आत देतात. सगळं कपाट त्यात भरलेलं. लोक हातात घेऊन उलटसुलट बघतात. "नाना, मोबाइलमा बठ्ठं शे ना आते," म्हणतात आणि तिथंच टेबलावर विसरून जातात. एका लग्नात मी पत्रावळीखालून असे तीन पेनड्राइव्ह उचलून पर्समध्ये टाकले. हळदीसाठी दोन गाणी मागणाऱ्या शेजाऱ्याच्या घरीही ते स्वतः गेले. त्या मुलीला आता शाळेत जाणारा मुलगा आहे. शेजाऱ्यानं पेनड्राइव्ह घेतला आणि त्यांच्यासमोर पोराच्या हातात खेळायला दिला.

मलाही एक दिला आहे. एका रविवारी कामं उरकल्यावर मी तो लावला. आईच्या पहिल्या कडव्यानंतर त्यांनी मोकळी जागा सोडली आहे. काहीच वाजत नाही. किती नावं होती ते त्यांना आठवत नाही, त्यामुळे जागा किती सोडायची हेही कळलं नसावं. मध्येच एकदम पुढचं गाणं अंगावर येतं.

अलीकडचीच गोष्ट, धुळ्याची. माझं तिथल्या ऑफिसात काम होतं, मी गाडीनं निघाले होते, आणि नाना म्हणाले, मलाही देवपुरात सोडा. वाटेत पारोळ्याजवळ म्हणाले, "शोभाचं कडवं माझ्यानंतर लगेच होतं. तेवढं मला नक्की आठवतं."

अक्काच्या गल्लीत मी गाडी थांबवली. अक्का ओट्यावर बसून मेथी निवडत होती. चष्मा डोळ्यांवर. तिनं गाडी पाहिली, भावाला उतरताना पाहिलं. नाना फाटकाशी गेले आणि कडीवर हात ठेवून उभे राहिले.

"कोन शे?" अक्कानं विचारलं. ती सरळ त्यांच्याकडे बघत होती.

"मी शे, शोभा." नानांच्या तोंडून खानदेशी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"मी कोन?"

शेजारच्या ओट्यावरच्या बायका बघायला लागल्या होत्या.

"परल्हाद."

"हं," अक्का म्हणाली. "ते नाव शे गानामा."

आणि तिनं मेथीची पुढची काडी उचलली. माझ्या मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, मला गाडी काढणं भाग होतं. वळताना आरशात दिसलं ते एवढंच, की फाटक लावलेलंच होतं. नानांचा हात कडीवर होता आणि ते आत बोलावण्याची वाट पाहत होते.